भिवबा मेला; तू खुर्चीतच होतास

पत्र थोडक्यात असं: लेखक २९ वर्षांचा, राहायला कर्वेनगर, नोकरी हिंजवडीत, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. गेलं दीड वर्ष दर दुसऱ्या रविवारी एरंडवण्यातल्या एका कॅफेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं घेऊन खेळायच्या खेळाची मोहीम खेळतो. तीन टेबलं, तीन डीएम (म्हणजे खेळाचे सूत्रधार), १६ खेळाडू आणि सगळ्यांचं जग एकच. त्याचं पात्र म्हणजे भिवबा. बुटका, मिशाळ, ढाल-कुऱ्हाड घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा, अस्सल कोल्हापुरी ठसक्यात बोलणारा. गेल्या महिन्यात एका पुलावरच्या लढाईत भिवबा पडला. जगण्या-मरण्याचे फासे टाकायची वेळ आली तेव्हा आधी ६ पडले आणि मग १, म्हणजे मेलाच. पूल कोसळला, देह नदीत गेला आणि दुसऱ्या दिवशी सापडला. गटाकडे एक मोठा हिरा होता. तो देवळात दिला असता तर भिवबा उठला असता. पण त्याच हिऱ्यावर पळवून नेलेली ११ मुलं सोडवता येणार होती. टेबलावर चर्चा झाली, तीन विरुद्ध एक असं ठरलं आणि हिरा मुलांसाठी गेला. भिवबाला उठवण्याच्या विरोधात सगळ्यात ठाम बोलली ती पुजारीण, म्हणजे ते पात्र चालवणारी लेखकाची कॉलेजपासूनची मैत्रीण. नंतर ती म्हणाली, “ते माझं कॅरेक्टर बोललं, मी नाही.” डीएम म्हणाला, पुढच्या वेळी नवीन कॅरेक्टर घेऊन ये. लेखक त्यानंतरच्या रविवारी गेलाच नाही. घरी आई म्हणते, “खेळात मेलास म्हणून जेवणार नाहीस का आता?” त्याचा प्रश्न: मी बालिश वागतोय का? की ही माणसं माझी नाहीतच? मोहीम सोडू का?

प्रिय कर्वेनगरकर,

वयानं तुझ्या दुपटीच्या आसपास आहे, म्हणून अरे-तुरे करते. भिवबाला मात्र मी अहोच म्हटलं असतं.

आईला आधी उत्तर देते, कारण हे सदर अशा बऱ्याच आया वाचतात. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: यात पाच-सहा माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण डीएम, म्हणजे सूत्रधार. तो जग सांगतो, गावं, राक्षस, दुकानदार सगळे त्याचे. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकतात. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, गोष्ट महिनोन्‌महिने पुढे चालत राहते. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला आणि तो ज्या युद्धखेळांमधून निघाला, त्यांत एक माणूस अख्खी पलटण हलवायचा. त्यातले दहा शिपाई मेले तर दहा सोंगट्या उचलून डब्यात टाकायच्या. कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं. या दोघांच्या खेळात प्रत्येकाच्या वाट्याला पलटणीऐवजी एकच माणूस आला. त्याला नाव मिळालं, मिशी मिळाली, आणि तिथेच रडू यायची सोय झाली. दीड वर्ष ज्याच्या तोंडून बोललास तो गेला आणि घास उतरला नाही, यात बालिश काही नाही. उतरला असता तर मी म्हटलं असतं, हा मुलगा दीड वर्ष तिथे बसून करत काय होता?

आता तुझ्या पत्रात मला जे खटकलं तिकडे येते.

तू साडेतीन पानं लिहिलीस. पुजारीण काय म्हणाली ते लिहिलंस. जादूगारानं हिशोब कसा मांडला ते लिहिलंस. ज्या एकानं तुझ्या बाजूनं मत दिलं तो कसा चाचरत बोलला, डीएम मधेच पाणी प्यायला कसा उठला, पिझ्झा कुठला आला, सगळं आहे. तू काय म्हणालास ते मात्र कुठेच नाही. मी पत्र दोनदा वाचलं. तुझं एकच वाक्य सापडलं: “मी मेलेलो होतो, त्यामुळे मी काही बोललो नाही.”

हे वाचलं आणि मला माझं कॉलेज आठवलं. एका एकांकिकेत मी प्रेत होते. पडदा उघडतो तेव्हा मी मधोमध चादरीखाली आणि चाळीसेक मिनिटं घरातली माणसं माझ्या उशापायथ्याशी उभी राहून वाटण्यांवरून भांडतात. संवाद लिहिलेले होते, मला पाठ होते, बोलणारे सगळे माझे मित्र होते. तरी तिसऱ्या-चौथ्या तालमीला आतल्या आत काहीतरी कुरतडायला लागलं. आपण पडलोय आणि लोक आपल्यावरून बोलतायत, हे अंगाला कळतं. ते नाटक आहे हे फक्त डोक्याला ठाऊक असतं. पण माझी आणि तुझी गोष्ट एका जागी वेगळी आहे. मी चादरीखाली होते, मला हलायची परवानगी नव्हती. तू खुर्चीत होतास, हातात चहाचा कप होता. मेला तो भिवबा.

तुमच्या खेळाच्या नियमात या बाबतीत एक फार शहाणी ओळ आहे. तुझ्या डीएमला ती ठाऊक असणारच, पण त्या दिवशी कुणाच्या लक्षात आली नसावी. मेलेल्याला उठवायचा जो मंत्र आहे त्याला ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, मृत्यूला दहा दिवसांहून जास्त झालेले चालत नाहीत, हे तर आहेच. पण तिसरी अट अशी की आत्मा मोकळा हवा आणि परत यायला राजी हवा. राजी! म्हणजे हिरा आहे, देऊळ आहे, पुजारी तयार आहे, तरी मेलेल्याला विचारल्याशिवाय मंत्र चालत नाही. तुमच्या टेबलावर अर्धा तास चर्चा झाली आणि या एका माणसाला कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या माणसानंही “अहो, मला विचारा की” असं म्हटलं नाही.

का नाही म्हटलं? मला वाटतं त्याचं उत्तर तुझ्याच पत्रात दुसऱ्या पानावर आहे. तू सहज लिहून गेलायस, की ऑफिसात मीटिंगमध्ये तू कॅमेरा बंद ठेवतोस, भाजीवाल्याशी घासाघीस आई करते, आणि “भिवबा असता तर त्यानं टेबलावर मूठ आपटून सांगितलं असतं”. म्हणजे दीड वर्ष तुझ्या वतीनं बोलायचं काम भिवबाकडे होतं. तो गेला, आणि ज्या दिवशी तुला त्याच्या आवाजाची सगळ्यात जास्त गरज होती, नेमका त्याच दिवशी तो उपलब्ध नव्हता. मला वाटतं तुला मताच्या निकालापेक्षा हे जास्त लागलंय. पण भिवबाचा तो कोल्हापुरी ठसका येत कुठून होता रे? डीएम तर देत नव्हता. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, आवाजाचा रकाना नसतो.

दुसरं कारणही असणार, आणि ते तू स्पष्ट लिहिलं नसलंस तरी मला ऐकू आलं. बोललो असतो तर त्यांनी माझं तोंड बघून हिरा दिला असता. म्हणजे कच्चा लिंबू. लहानपणी ज्याला आउट केलं तरी राज्य द्यायचं नाही, तो. आणि कच्चा लिंबू होऊन खेळण्यापेक्षा मेलेलं बरं, असं कुठल्याही स्वाभिमानी मुलाला वाटतं. मला ही भावना कळते, पण तिच्यातली गफलतही दिसते. दया मागणं वेगळं आणि आपलं म्हणणं मांडणं वेगळं. “भिवबाला परत यायचंय, मला त्याची गोष्ट अजून संपली असं वाटत नाही, आता तुम्ही ठरवा” एवढं बोलून गप्प बसला असतास, तर तो गड्याचाच अधिकार होता. कदाचित तरीही तीन विरुद्ध एक झालं असतं. पण मग ते तुझ्यासह ठरलं असतं, तुझ्यावरून नाही.

आता तुझ्या मैत्रिणीकडे येते, कारण तिला मी सोडणार नाहीये.

“ते माझं कॅरेक्टर बोललं, मी नाही” हे वाक्य या खेळात जगभर बदनाम आहे. टेबलावर मित्राचा खिसा कापणारे चोर, वाटाघाटी चालू असताना राजाला शिवी घालणारे वीर, सगळे हेच म्हणतात: माझं कॅरेक्टर असंच वागेल. वाक्य खोटं नाही, अर्धंच आहे. पात्र अमुक वागेल हे खरं, पण ते अमुक कोण ठरवतं? पुजारीण देवीची भक्त आहे. ती मुलांसाठी हिरा देईल हे पटतं. तीच पुजारीण “माझ्यासाठी पुलावर उभा राहिला त्याला मी नदीकाठी सोडणार नाही” असंही म्हणू शकली असती, आणि तेही तितकंच पटलं असतं. ती रात्रभर देवीपुढे बसू शकली असती. हिरा मुलांना देऊन देवळाच्या पायरीवर “दक्षिणा उधार ठेवा, मी फेडीन” म्हणून अडून राहू शकली असती, आणि डीएमला पुढचे तीन रविवार फुकटात मिळाले असते. चांगल्या पात्राला एका वेळी चार खरे रस्ते दिसत असतात. त्यातला कुठला घ्यायचा हे पात्र ठरवत नाही, खेळणारा ठरवतो, आणि ठरवताना त्याची नजर पात्रावर जितकी तितकीच टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांवर असावी लागते.

हे मी हवेतून सांगत नाही. कोकणातला दशावतार बघ. लिहिलेली संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे सुचतात, आणि मध्यरात्र उलटल्यावरही दोन नट समोरासमोर उभे राहून एकमेकांना शब्दांत पकडतात. राक्षस देवाला वाटेल ते बोलतो. पण समोरच्याला शब्द सापडत नाहीये असं दिसलं, की तोच राक्षस त्याला उत्तर देता येईल असा प्रश्न टाकतो. राक्षस राक्षसच राहतो, आणि नट सोबत्याला सांभाळून घेतो. दोन्ही एकाच तोंडातून चालतं. तुझ्या मैत्रिणीनं पहिलं उत्तम केलं, दुसरं ती विसरली.

विसरली, एवढंच म्हणते मी. कारण त्या दिवशी तिनं जे केलं ते गोष्ट म्हणून फार सुंदर होतं, हे तूही जाणतोस. म्हणूनच तुला धड रागावता येत नाहीये. ११ मुलांविरुद्ध एक भिवबा, यात कुठल्या तोंडानं तक्रार करायची? जादूगारानं सोनं वाचवायला नको म्हटलं असतं तर तू कधीच भांडून मोकळा झाला असतास. चांगल्या कारणानं नाकारलं गेलं की दुःख कुठे ठेवायचं तेच कळत नाही.

आणि एक गोष्ट तुझ्या नजरेतून पार निसटली आहे. त्या रविवारनंतर तीन दिवस तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भिवबाचाच विषय चालला होता, असं तू लिहितोस. जादूगारानं त्याच्या ढालीचं काय केलं ते सांगितलं. दुसऱ्या टेबलावरच्या कुणीतरी, जी भिवबाला एकदाच भेटली होती, तिनं तिच्या पात्राच्या नावानं दुखवट्याचं पत्र टाकलं. आणि पुजारिणीनं म्हणजे तुझ्या मैत्रिणीनं भिवबावर १४ ओळींचा पोवाडा लिहिला. तुला ती थट्टा वाटली. अरे, पोवाडा १४ ओळींपर्यंत न्यायला किती वेळ लागतो तुला कल्पना आहे का? नोकरी करणारी मुलगी आठवड्यात कामाच्या दिवशी यमकं जुळवत बसली होती. ती रडत होती, पण पात्राच्या भाषेत, कारण तुमच्या टेबलाची सवयच तशी आहे. आणि तू तिला अंगठा पाठवलास. तिच्या बाजूनं बघ: ज्याचा मृत्यू झाला त्यानं पोवाड्याला अंगठा दिला, म्हणजे गडी खूश आहे.

तू आणखी एक केलंस. खेळ संपल्यावर सगळे नेहमीप्रमाणे अमृततुल्यवर गेले आणि तू गाडी काढून घरी गेलास. तो चहा तुला फालतू वाटत असेल, पण नटाला जसा रंग उतरवायला आरसा लागतो तसा या खेळाला तो चहा लागतो. तिथे पुजारीण पुन्हा तुझी मैत्रीण होते, भिवबा पुन्हा तू होतोस, आणि “साल्या, त्या एकच्या फाशाला काय म्हणायचं!” असं कुणीतरी म्हणतं. तुझ्या अंगावरचा रंग तसाच राहिला, आणि तो घेऊन तू महिनाभर फिरतोयस.

इथे तुझ्या डीएमसाठी आणि हे वाचणाऱ्या बाकीच्या डीएम मंडळींसाठी दोन शब्द. एकत्र जग असलेली, अनेक टेबलांची मोहीम चालवायची तर मरणाचा हिशोब आधी बोलून ठेवावा लागतो. मोठ्या संघटित मोहिमांना हे अनुभवानं कळलंय. २०१४ साली खेळाच्या पाचव्या आवृत्तीबरोबर ‘ॲडव्हेंचरर्स लीग’ सुरू झाली. तिथे एकच पात्र घेऊन माणूस या गावातल्या टेबलावरून त्या गावातल्या टेबलावर जाऊ शकतो. त्यांच्या सुरुवातीच्या नियमांत उठवण्याचा दर ठरलेला होता: १,२५० सोन्याची नाणी, हवं तर सगळ्यांनी मिळून भरा. आणि पहिल्या चार पातळ्यांतलं नवखं पात्र मेलं तर खेळातल्या जगात ते ज्या संघटनेचं असेल ती हा खर्च उचलायची. बदल्यात त्या दिवसाच्या खेळाची कमाई सोडायची. कोरडं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण अनोळखी माणसांच्या टेबलावर “हा जगावा का” यावर मतदान होऊ नये, म्हणून कुणीतरी ते दरपत्रक करून ठेवलं होतं. तुमच्या कॅफेत दरपत्रक नसेल तर नसो. मोहीम सुरू करताना सगळे बसतात त्या पहिल्या बैठकीत (सेशन झीरो म्हणता ना तुम्ही) एवढं विचारून घ्या: पात्र मेलं तर परत आणायचा प्रयत्न करायचा की नाही, ते कोण ठरवणार, आणि ज्याचं पात्र गेलं तो त्या दिवशी टेबलावर काय करणार. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. दोन तास बाकी असताना माणसाला रिकाम्या हातानं बसवू नये. त्याला दुकानदाराचं सोंग द्या, गोब्लिनांचे फासे द्या, काहीही द्या.

आणि मध्येच थांबण्यासाठी एक शब्द ठरवा. काही टेबलांवर इंग्रजी एक्स अक्षराचं कार्ड ठेवतात. जॉन स्टाव्रोपुलोस नावाच्या खेळियानं काढलेली युक्ती आहे ती: कुणालाही प्रसंग सोसवेनासा झाला की त्यानं कार्डाला हात लावायचा, कारण विचारायचं नाही, प्रसंग बदलायचा. चांगली आहे, ठेवा. पण तुझ्या बाबतीत प्रसंग बदलायचा नव्हता, नुसतं बाहेर येऊन एक वाक्य बोलायचं होतं. त्याला आपल्याकडे बिल्डिंगखाली खेळणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असलेला शब्द आहे: टाइमप्लीज. बुटाची लेस सुटली, टाइमप्लीज. आई हाक मारतेय, टाइमप्लीज. कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही आणि खेळही मोडत नाही. “टाइमप्लीज, हे पुजारीण बोलतेय की तू?” हे विचारायला पाच सेकंद लागतात. माझ्या भाच्याच्या गटात मी दोन वर्षं एक चेटकीण चालवतेय, (हो, हसा) तिथे हा शब्द मीच आणला. पहिल्यांदा पोरं खिदळली. आता सगळ्यात जास्त तीच वापरतात.

व्हॉट्सॲपचे दोन ग्रुप करा, हेही सांगून टाकते. एकात पात्रांनी बोलायचं, दुसऱ्यात माणसांनी. आणि माणसांच्या ग्रुपवर पात्राबद्दल बोलताना “मी” टाळा. “मी तुला वाचवणार नव्हते” आणि “पुजारीण भिवबाला वाचवणार नव्हती” ही दोन वाक्यं फोनच्या पडद्यावर वाचून बघ. पहिलं वाचून माणूस जेवत नाही.

आता तू काय करायचं. मोहीम सोडायचा विचार मला आज तरी पटत नाही. सोडायची कारणं असतात. टेबलावर तुला टोमणे बसत असते, तुझी पाळी आली की लोक फोन काढत असते, तर मी स्वतः म्हटलं असतं, ऊठ. तुझ्या साडेतीन पानांत तसं काही नाही. त्यात फक्त एक वाईट दुपार आहे. उलट टोकाचा पर्याय, म्हणजे डीएमला सांगून तो निर्णयच पुसायचा आणि भिवबा मेलाच नव्हता असं धरून चालायचं, तोही नको. ११ मुलं सुटली आहेत. भिवबाला विचार, त्याला चालेल का ते.

राहिला मधला रस्ता, आणि त्यासाठी मला तो दहा दिवसांचा नियम पुन्हा आठवतोय. उठवायच्या मंत्राला दहा दिवसांची मुदत. आपल्याकडे दहाव्या दिवशी काय करतात? ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड ठेवून लोक कावळ्याची वाट बघत उभे असतात. कावळा शिवत नाही, म्हणजे गेलेल्याचं काहीतरी राहिलंय. मग एकेक जण पुढे होतो: मुलीचं लग्न आम्ही करू, धाकट्याचं शिक्षण बघू, घर विकणार नाही. राहिलेलं नेमकं कुणीतरी बोलतं, आणि कावळा येतो. श्रद्धा असो-नसो, मेलेल्याला विचारायची याच्याहून चांगली पद्धत मला तरी माहीत नाही. तुमच्या गोष्टीत भिवबाचे दहा दिवस संपलेत की नाही हे तू लिहिलेलं नाहीस, पण त्यानं फारसं बिघडत नाही. डीएमला सांग, मला भिवबाचा दहावा खेळायचाय, अर्धा तास दे. पात्रांनी नदीकाठी जमायचं, त्याचं काय राहिलं असेल ते एकेकानं ओळखायचं, आणि कावळा तू चालवायचा. चुकीचं ओळखलं तर येऊ नकोस. बघू दे तरी त्यांना, भिवबा त्यांना किती कळला होता. आणि डीएम हुशार असेल तर त्यातून भिवबाची वाट पुढे कुठे फुटते तेही तिथेच कळेल: ढाल कुणाकडे जाते, सोडवलेल्या मुलांपैकी एखादं त्याचं नाव घेतं का, की मुदत शिल्लक असेल तर कुणाला अचानक देवळाची पायरी आठवते.

पण हे सगळं दुसरं. पहिल्यांदा मैत्रिणीशी बोल, आणि रविवारच्या आधी, टेबलापासून लांब. सोबत पुरावे घेऊन जाऊ नकोस, टेस्टर आहेस म्हणून सांगतेय. कुणी कधी काय म्हटलं याची यादी करू नकोस. मला वाटतं एवढं पुरे: “तुझा निर्णय चुकला असं मी म्हणत नाही. पण तुम्ही बोलत होतात तेव्हा मी तिथेच बसलो होतो आणि कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मीही बोललो नाही. मला ते फार लागलं.” यातलं “मीही बोललो नाही” गाळू नकोस. ते गाळलंस तर ती बचाव करायला लागेल, आणि पुन्हा पुजारीण बाहेर येईल.

नवीन पात्राची घाई नको. डीएमला सांग, एक-दोन वेळा मी नुसते राक्षस चालवतो. आणि करशील तेव्हा पुन्हा भिवबाच नव्या टोपीत आणू नकोस. अगदी हळू बोलणारं, तुझ्याच आवाजात बोलणारं पात्र करून बघ. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल. तुमच्या नियमात मेलेला उठतो तेव्हा त्याच्या फाशातून ४ वजा होतात आणि रोज रात्रीच्या पुऱ्या विश्रांतीनंतर एकेक भरून निघतो, म्हणजे चार रात्री माणूस अडखळतो. तूही दोन-तीन रविवार अडखळशील असं धरून चाल.

आणि आईला तिकडे एकदा घेऊन जा. ती भाजीवाल्याशी ज्या चिकाटीनं बोलते ते ऐकून मला वाटतं, देवळातल्या त्या पुजाऱ्याकडून तिनं अर्ध्या हिऱ्यात भिवबा उठवून आणला असता.

आज मात्र एवढंच कर. ग्रुपवर मागे जा, तो पोवाडा काढ आणि त्याला उत्तर लिही. भिवबाच्या भाषेत लिही, नाहीतर तुझ्या. चार ओळी झाल्या तरी चालतील. अंगठा नको.